गाववाला वॉल्व

बालाघाटात मोटारसायकलचे सुटे भाग विकणाऱ्या घनश्यामच्या दुकानात मिस्त्री गेला, की त्याला पहिला प्रश्न गाडीच्या मॉडेलचा विचारला जात नाही. घनश्याम आधी विचारतो, "गाडी गाव की है के शहर की?"

हा प्रश्न ऐकून कोणी चमकत नाही. शहरातली गाडी असली तर घनश्याम मागच्या काचेच्या कपाटातून डबी काढतो. गावची असली तर खाली वाकतो आणि पायाजवळच्या पत्र्याच्या पेटीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला भाग वर ठेवतो. त्या पेटीतल्या सामानाला मिस्त्री लोकांत नावच पडून गेलं आहे, 'गाववाला माल'. तो कोणी बनवला, कशाचा बनवला, हे घनश्याम सांगत नाही आणि कोणी विचारत नाही.

गाडीचा मालक तर या दुकानात कधी येतच नाही. तो बिचारा मिस्त्रीच्या दारात उलट्या डब्यावर बसून वाट पाहत असतो. त्याची गाडी गावची की शहरची, याचा निकाल त्याच्या पाठीमागे लागून गेलेला असतो.

लोकेश मिस्त्रीही वर्षानुवर्षं असाच माल आणत होता.

लोकेश लबाड नव्हता, हे आधीच सांगायला पाहिजे. कोणाच्या टाकीतलं पेट्रोल त्याने कधी काढून घेतलं नाही. गरिबाची गाडी असली तर मजुरी कमी घ्यायचा. आणि गरिबाची गाडी असली, म्हणूनच तो गाववाला माल टाकायचा! त्याच्या मनात पाप नव्हतं. 'माणूस खेड्यातला, त्याला कशाला महागात पाडायचं? यावरही चालून जाईल,' असा त्याचा हिशेब. याला तो दया समजत होता.

नोव्हेंबर संपता संपता रामपायलीकडचे महागू काका त्याच्याकडे आले. धानाची शेती करणारा साधा माणूस, वय साठीच्या पुढचं. शंभर सीसीची गाडी, बारा वर्षं जुनी. सायलेन्सरमधून निळा धूर येत होता आणि चढावर गाडी दम टाकत होती.

"पक्कं काम करून दे बापू," काका म्हणाले. "काकूच्या किडन्या गेल्या. दर सोमवारी अन् गुरुवारी इथं दवाखान्यात मशीनवर आणा लागते. मशीनवरून उठली का तिले उभं राहाले होत नाई, बसस्टँडवर कुठं बसवू? हे गाडीच आमची अँबुलन्स हाये."

लोकेशने इंजिनचं डोकं, म्हणजे हेड, खोललं. त्यात दोन वॉल्व असतात. एक हवा-पेट्रोल आत घेतो. येणाऱ्या हवेनेच तो थंड राहतो. दुसरा जळलेला धूर बाहेर सोडतो. तो रात्रंदिवस आगीच्या तोंडाशी. म्हणून त्या दुसऱ्याचं लोखंड वेगळं लागतं, लाल होईपर्यंत तापलं तरी ताणलं न जाणारं. काकांच्या गाडीतला हाच सायलेन्सरच्या बाजूचा वॉल्व जळला होता.

लोकेश घनश्यामकडे गेला.

"गाडी किधर की?"

"रामपायलीकडची."

घनश्याम खाली वाकला. दोन्ही वॉल्वचा सेट कागदात गुंडाळून वर आला.

दुकानात परतल्यावर लोकेशने ते ताटलीत ठेवले. पडलेले नट उचलायचा त्याचा एक छोटा चुंबक होता, तो बाजूलाच पडला होता. चुंबकाने पटकन दोन्ही वॉल्व ओढून घेतले. लोकेश क्षणभर थांबला. या गाडीचा धूर सोडणारा चांगला वॉल्व असा डोक्याशी चिकटत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. चिकटला म्हणजे थंड बाजूचं साधं लोखंड आगीच्या बाजूसाठी खपवलं होतं.

त्याने वॉल्व चुंबकावरून सोडवला. दाराकडे पाहिलं. महागू काका डब्यावर बसून अनुसया काकूंच्या औषधांची पिशवी मांडीवर धरून होते.

'गरीब माणूस आहे. चालून जाईल,' लोकेश मनाशी म्हणाला आणि वॉल्व बसवून टाकला.

दोन आठवडे गेले. एका सोमवारी दुपारी काका दुकानात आले. काकूंना मशीनवर सोडून आले होते. हातात कापडाची पिशवी होती, तोंड दोरीने बांधलेलं.

"ओ मिस्त्री! हे घे. चिन्नोर तांदूळ हाये, नव्या धानाचा. विकाले नाई लावत आमी, घरच्यापुरता पेरतो. पाव्हण्यासाठी ठेवतो. तुया मायले सांग, मोकळा शिजव म्हणावं."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. लोकेशने संकोचून पिशवी घेतली. "काहून आणलं काका? अन् गाडी कशी हाये?"

"एक नंबर!" काका त्या दोघांकडे वळून म्हणाले. "या पोराच्या हाताले जस हाये बरं. पयले कशी टिकटिक टिकटिक वाजे. आता एकदम गपगार! दिवसेंदिवस गपच होऊन राह्यली."

लोकेशच्या हातातला पाना तसाच राहिला. "दिवसेंदिवस?"

"हौ ना. तू देली तवा थोडं वाजे, आता तं तेही नाई. सकाळी एका किकमध्ये चालू. गरम झाल्यावर पाच-सात माराव्या लागतेत, पण म्हातारी हाये, दम लागत असन तिले." काका हसले. "म्हातारी म्हंजे गाडी बरं! काकूले म्हातारी म्हणलं तं घरी जेवाले नाई भेटत."

सगळे हसले. लोकेशने मात्र पाना खाली ठेवला.

वाचकहो, गाडीचा मालक ज्याला गुण समजत होता, तोच रोग होता! वॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या टॅपेटच्या मध्ये कागदाइतकी फट ठेवावी लागते. त्या फटीमुळे इंजिन हलकं टिकटिकतं. ती टिकटिक निरोगी असते. ती आपोआप कमी होत गेली, म्हणजे आत वॉल्व तापून ताणला जात आहे आणि फट गिळत चालला आहे. मग तो पुरता बंद होत नाही, कडेने जळतो, आणि एक दिवस त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं. धावती गाडी तिथल्या तिथे जाम होते.

लोकेशला हे सगळं त्या एका क्षणात कळलं. 'काका, गाडी इथंच ठेवा,' एवढंच म्हणायचं होतं. पण आत्ताच चार लोकांसमोर आपल्या हाताला यश आहे असं हा माणूस बोलला. मांडीवर चिन्नोरची पिशवी.

"हौ काका," लोकेश म्हणाला, "चांगलं हाये."

काका गेले. गाडी खरंच गपगार गेली.

मंगळवारी लोकेशचं कामात चित्त लागेना. एका गाडीचे टॅपेट बसवताना त्याने तीनदा फट मोजली, तरी समाधान होईना. बसवून झाले तरी कान लावून बसला. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, गाडी हाये, पाळण्यातलं लेकरू नाई. झोपली का जागी, किती पाह्यता?"

दुपारी त्याने काकांना फोन लावला. लागला नाही. त्याला बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

बुधवारी पुन्हा लावला. या वेळी काकांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"हॅलो, काका? लोकेश बोलून राह्यलो."

"बोल बापू!"

"काही नाई... काकूची तब्येत कशी हाये?"

"बरी हाये. उद्या येतोच ना मशीनवर. अकराचा नंबर हाये. काहून, काही काम होतं?"

"नाई, नाई. ते... थंडी लय पडली ना?"

"डिसेंबर हाये बापू. थंडी नाई पडन तं काय आंबे पडन?"

लोकेशने फोन ठेवला. उद्या आले की दवाखान्यातच गाठू, असं त्याने ठरवलं. पण उद्या येण्यासाठी तीस किलोमीटर त्याच वॉल्ववर यायचं होतं! हा विचार आला की तो उठून उभा राहायचा, दुकानाच्या दारापर्यंत जायचा आणि परत येऊन बसायचा.

गुरुवारी सकाळी घरात चिन्नोरचा वास पसरला. लोकेशची आई जिजाबाई लवकर आंघोळ करून चुलीपाशी बसली होती. सत्तरीला टेकलेली ही बाई अक्षर शिकली ती साठी उलटल्यावर, वॉर्डातल्या विहारात लागणाऱ्या वर्गात. आता रोज सकाळी चष्मा लावून वर्तमानपत्र वाचल्याशिवाय ती चहा घेत नसे.

"बस, गरम हाये तवर खा," तिने ताट पुढे केलं. "काय तांदूळ हाये! शेजारची गोदाबाई भिंतीवरून विचारून गेली, आज कोण पाव्हणा हाये म्हणून."

लोकेशने एक घास उचलला आणि परत ठेवला.

"काहून रे? मीठ नाई पडलं काय?"

"भूक नाई माय."

"तीन दिवसांपासून तुले भूक नाई. दुकानातून येते तं पाय वाजवत बसते. बोल काय हाये ते."

मग लोकेशने सांगितलं. वॉल्व, चुंबक, गपगार झालेली गाडी, सगळं. शेवटी म्हणाला, "पण माय, म्या फसवाले नाई टाकला. गरीब माणूस हाये. घरी बिमारी. भारीचा वॉल्व त्याले जड गेला असता. म्या तं दयाच केली."

"त्यानं सांगतलं तुले, जड जाते म्हणून?"

"नाई."

"तू विचारलं?"

जिजाबाईने डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात घेतला. "हा दुसरा चष्मा हाये माहा. पयला तुले याद हाये?"

"शिबिरात भेटला होता तो?"

"हौ. वीस-पंचवीस बाया रांगेत उभ्या होतो. एक जण खोक्यातून चष्मे काढे अन् देत जाये. सगळ्याइले एकच नंबर. म्या म्हणलं, बाबू, यातून मले अंधुकच दिसते. तं तो हासून म्हणे, 'अम्मा, तुमको कौनसा पढ़ना है? चल जाएगा.' शिवी नाई देली त्यानं. फुकट देला, दया करूनच देला. सहा वर्सं घातला म्या तो चष्मा. विहारात वर्ग लागला तं मी दोनदा गेली अन् दोनदा सोडून आली. अक्षर फळ्यावर पसरून जाये, पाण्यात शाई सांडल्यावानी. मले वाटे, आपलं डोस्कंच या कामाचं नाई. मंग तुया पोरीनं, श्रुतिकानं, मले धरून नेलं, डोळे तपासून आणले. नवा चष्मा लावला त्या दिवशी समजलं का डोस्कं बरोबर होतं, काच खोटी होती!"

तिने चष्मा पुन्हा लावला आणि लेकाकडे नीट पाहिलं.

"त्या माणसानं ठरवलं का हे बाई खेड्यातली, हिले वाचाचं नाई. मले विचारलं नाई. माही सहा वर्सं गेली, ते कोणाच्या वहीत लिहिलं हाये? दया करणारा माणूस विचारते रे बाबू. जो विचारत नाई, त्यानं आपल्याले खाली बसवून ठेवलेलं असते, अन् वरतून हासून पाह्यते."

"माय..."

"अन् हे सांग," तिने ताटाकडे बोट केलं, "महागूनं तुले कोणता तांदूळ देला? मिस्त्री हाये, याले चालून जाते म्हणून कणी आणून देली काय? घरातला पाव्हण्याचा तांदूळ देला त्यानं तुले. अन् तू त्याले पेटीतला वॉल्व देला!"

लोकेश ताटावरून उठला. घड्याळात साडेआठ वाजून गेले होते. अकराचा नंबर म्हणजे ते दोघं आता निघत असणार. त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. गाडी चालवणारा माणूस फोन कसा उचलेल? ते निघाले होते!

त्याने चप्पल अडकवली, गाडी काढली आणि सुटला.

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी चालली होती, डब्यामागे डबे, संपता संपेना. लोकेश डबे मोजायला लागला आणि मधेच विसरला. बाजूचा ऑटोवाला म्हणाला, "भैया, हॉर्न मत बजाओ, रेल को सुनाई नहीं देता." आपण हॉर्न दाबून धरला आहे, हे तेव्हा लोकेशच्या लक्षात आलं.

फाटक उघडलं. वैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की समोरून येणाऱ्या गाड्यांचे फक्त दिवे दिसत होते. लोकेश प्रत्येक दिव्याकडे निरखून पाहत होता. एक दूधवाला गेला. एक शिक्षक गेला. ट्रॅक्टर गेला. रस्त्याच्या कडेला दोन माणसं वाकून काही पाहत होती, तेव्हा त्याने करकचून ब्रेक दाबला. जवळ गेला तर सायकलची चेन उतरली होती.

वारासिवनी मागे पडली. धुकं विरळ झालं. आणि रामपायलीकडून येणाऱ्या रस्त्यावर त्याला ती गाडी दिसली. काकांनी कानाला मफलर गुंडाळला होता. मागे काकू बसल्या होत्या, मान काकांच्या पाठीवर टेकलेली. आणि दोघांच्या कमरेभोवती एक जाड शाल गुंडाळून पुढे गाठ मारलेली होती.

काकूंना बसल्या बसल्या गुंगी येते, पडू नये म्हणून काका त्यांना दर वेळी असं स्वतःशी बांधून आणत होते. शहर जवळ आलं की सोडत होते. लोकेशने हे कधी पाहिलंच नव्हतं!

गाडी जाम झाली असती तर? बांधलेली दोन माणसं!

तो गाडी आडवी घालून रस्त्यावर उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

"अरे मिस्त्री! इकडं कुठं?" काकांनी ब्रेक मारला.

"गाडी बंद करा काका."

"काहून? आमाले उशीर..."

"पयले बंद करा."

काकांनी चावी फिरवली. एकदाही टिकटिक न करता इंजिन बंद झालं. तीन दिवस पोटात ठेवलेलं त्याने एका दमात सांगून टाकलं. गाववाला माल, पेटी, चुंबक, आणि सोमवारी माहीत असूनही आपण गप्प राहिलो ते.

काकांना आधी कळेचना. "पण गाडी तं चांगली चालून राह्यली."

"चालून राह्यली, पण वॉल्व खोटा हाये. मले माहीत होतं तो खोटा हाये. तरी म्या टाकला."

काका शालीची गाठ सोडत राहिले. थंडीने बोटं आखडली होती, गाठ सुटत नव्हती. मग मान वर न करता म्हणाले, "तुले कोणी सांगतलं, मले चांगला झेपत नाई?"

"कोणीच नाई."

"मिस्त्री तं आमच्याकडंही हाये. घरासमोर दुकान हाये त्याचं. मी बिमार बाईले मागं बसवून तीस किलोमीटर तुयाकडं काहून आलो? पक्कं काम पाह्यजे म्हणून आलो ना! गाववाला माल पाह्यजे असता तं गावातच घेतला असता."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच लोकेशला मान वर करता येईना.

काकू जाग्या झाल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बारीक, थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, मशीनवर माह्या बाजूले बालाघाटची एक बाई राह्यते. मोठ्या घरची हाये. तिले जे सुई टोचतेत, तेच मले टोचतेत. तिथं कोणी विचारत नाई, बाई गावची का शहरची."

लोकेशच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने आपल्या गाडीची चावी काकांच्या हातावर ठेवली. "हे गाडी न्या. अकराचा नंबर चुकवू नका. तुमची मी आणतो."

काकांनी चावीकडे पाहिलं. ते घेणार नाहीत असं क्षणभर वाटलं. मग काकू म्हणाल्या, "घ्या जी. रुसाले मंग टाइम हाये," आणि स्वतःच लोकेशच्या गाडीकडे चालायला लागल्या. काकांनी पुन्हा शाल गुंडाळली, पुन्हा गाठ मारली आणि गाडी निघून गेली.

लोकेशने दुसरी गाडी ढकलत वारासिवनीपर्यंत आणली. सुरू करून चालवण्याची हिंमत त्याला झाली नाही. तिथे बालाघाटला जाणारी एक पिकअप मिळाली, तिच्यात चढवली. ढकलताना त्याला वाटलं, ही गाडी दोन आठवड्यांत चार-पाच वेळा आली-गेली, आणि दर वेळी आपण निवांत जेवत होतो.

दुपारी काका दुकानात आले. काकू वेळेवर मशीनवर लागल्या होत्या. लोकेशने त्यांच्यासमोर हेड खोललं. या वेळी काका दारातल्या डब्यावर नव्हते, लोकेशने डबा उचलून कामाच्या जागेपाशी ठेवला होता. सायलेन्सरच्या बाजूचा वॉल्व बाहेर निघाला. त्याची कड एका ठिकाणी उंदराने कुरतडल्यासारखी खाल्ली गेली होती आणि तिथून मानेकडे केसाएवढी चीर गेली होती.

"किती दिवस राह्यले होते याचे?" काकांनी विचारलं.

"सांगता येत नाई. आजचा दिवसही..." लोकेशने वॉल्व त्यांच्या हातात दिला.

काकांनी तो वॉल्व खिशात टाकला. "राहू दे माह्यापाशी."

मग दोघं घनश्यामच्या दुकानात गेले. घनश्यामने सवयीने तोंड उघडलं, "गाडी गाव की..." आणि लोकेशच्या मागे उभा माणूस पाहून थांबला.

"गाडी गावची हाये," लोकेश म्हणाला. "अन् हे तिचे मालक हायेत. दोन्ही माल वर ठेव. काचेतलाही अन् पेटीतलाही."

"अरे भैया, ग्राहक को इधर काहे को लाया?" घनश्याम हळू आवाजात म्हणाला.

"त्याइले निवडाचं हाये."

दोन वॉल्व काउंटरवर आले. दिसायला सख्खे भाऊ! काकांनी उलटेसुलटे करून पाहिले, त्यांना फरक कळला नाही. लोकेशने खिशातला चुंबक त्यांच्या हातात दिला. पेटीतल्या वॉल्वचं डोकं चटकन चिकटलं. डबीतल्याचं चिकटलं नाही. काकांनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तसंच.

"सब गाड्यांचं असंच राह्यते असं नाई," लोकेशने सांगितलं, "पण तुमच्या गाडीच्या या वॉल्वची हे ओळख पक्की हाये."

घनश्याम ओशाळला होता, पण दुकानदार होता. म्हणाला, "काकाजी, गाव के लोग सस्ता ही मांगते हैं. मैं क्या करूं?"

"कोणत्या गावचे लोक?" काका शांतपणे म्हणाले. "नाव सांगा. मी जाऊन विचारतो त्याइले. मी तं आज पयल्यांदाच आलो तुमच्या दुकानात."

घनश्यामकडे नाव नव्हतं. नावं असणार कशी? इतक्या वर्षांत त्या काउंटरपाशी कोणी आलंच नव्हतं!

"हा डबीतला द्या," काका म्हणाले. मग लोकेशकडे वळले. "अन् तो दुसरा, थंडा राह्यते म्हणते तो?"

"तुमचा जुना माह्याकडं डब्यात पडला हाये. घासून पाहू. घट्ट बसला तं नवा घ्याची गरजच नाई."

दुकानात येऊन लोकेशने जुना वॉल्व पेस्ट लावून घासला, जागेवर बसवला आणि वरच्या नळीत रॉकेल ओतलं. "आता खालून थेंब टपकते का पाहा." काका वाकून बसले. चहा आला, चहा पिऊन झाला. एक थेंब पडला नाही.

"मंग हा काहून काढला होता?"

"सेट आणला होता, म्हणून काढला," लोकेश म्हणाला. खोटं बोलायची आता इच्छा नव्हती.

पहा वाचकहो! जो भाग बदलायलाच नको होता तो सेट आला म्हणून बदलला, आणि जो चांगला हवा होता तो दयेपोटी खोटा टाकला. मालकाला नुसतं विचारलं असतं, तरी दोन्ही चुका टळल्या असत्या.

संध्याकाळपर्यंत गाडी तयार झाली. लोकेशने मजुरी घेतली नाही. वॉल्वचे पैसे मात्र काकांनी हट्टाने दिले. "निवडला म्या हाये, तं देईनही मीच," ते म्हणाले. किक मारली. इंजिन सुरू झालं आणि हलकं हलकं टिकटिकायला लागलं.

"वाजते," लोकेश म्हणाला.

"वाजू दे," काका म्हणाले. तोवर दवाखान्यातून आणलेल्या काकूंना बसवलं, शालीची गाठ मारली, आणि जाता जाता थांबून म्हणाले, "तांदूळ खाल्ला का नाई?"

"अजून नाई."

"मंग आता खाय."

त्या दिवशी लोकेश घरी जाऊन पोटभर जेवला. भात गार झाला होता, तरी मोकळा होता. ताट पाहूनच जिजाबाईला समजलं.

घनश्यामची पत्र्याची पेटी अजून तिथेच आहे. एका माणसाच्या सुधारण्याने पेटी उठत नाही. पण लोकेशच्या दुकानात आता दारातला डबा आत आला आहे. हेड खोललं की तो मालकाला बोलावतो, जुना भाग हातात देतो, नवा दाखवतो, चुंबकही देतो. दुसरे मिस्त्री हसतात, "लोकेशच्या दुकानात गाडीवाल्याइची शाळा भरते!" लोकेश म्हणतो, "हौ, पण मास्तर ते हायेत." कोणी चांगला भाग निवडतो. कोणी खरंच स्वस्तातला निवडतो, आणि 'याची मुदत थोडी आहे' हे नीट ऐकून निवडतो. कोणी जुनाच घासून घेतो.

आणि सोमवारी, गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक टिकटिक ऐकू येते. जिजाबाई वर्तमानपत्रातून मान वर करते आणि म्हणते, "आले पाहा."

बंधूंनो, भगिनींनो, ही पेटी फक्त घनश्यामच्या पायाशी नाही. आपल्या कचेरीत, शाळेत, दुकानात, घरातसुद्धा ती असते. समोरचा माणूस खेड्यातला, म्हातारा, न शिकलेला किंवा गरीब दिसला की आपण त्याच्या वतीने ठरवून टाकतो, याला एवढं पुरे. आणि वरून त्याला दया म्हणतो. गरिबाला कमी लागतं, असं कोणत्याही गरिबाने आपल्याला सांगितलेलं नाही. ते आपणच ठरवलं आहे! म्हणून दुसऱ्यासाठी काही निवडण्याची वेळ आली, तर खाली वाकून पेटी उघडण्याआधी वर पाहा. समोर माणूस उभा आहे. त्याला विचारा.